गालाची चाचणी

प्रिय थंडोबा,

चिप आली की कळवते, असं तू जाताना मी म्हटलं होतं. चिप आली. म्हणजे मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तरही याच पत्रात आहे, पण उडी मारून शेवट वाचू नकोस. पुढे उड्या मारणं माझं काम, तुझं नाही.

आधी लॅबची हकिकत. आपल्या कोअरवर, म्हणजे चिपच्या त्या लाडक्या मेंदूवर, चालणारा पहिला फोन सुरू झाला. सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या आकड्यांवर. आकडे झकास होते, पण टाळी कोणीच वाजवेना. मग लक्षात आलं, सगळे तू बसायचास त्या खुर्चीकडे बघताहेत. कोअर तापू न देणं तुझं काम, आणि चाचणीची रीतही तूच घालून दिलेली: जडातला जड गेम लावायचा, फोन गालाला टेकवायचा आणि कपभर चहा संपेपर्यंत काढायचा नाही. मागच्या चिपच्या वेळी तू दुसऱ्याच घोटाला किंचाळलास आणि चहा मॅडमच्या कागदांवर सांडलास, ते अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. यंदा तुझ्या जागी मी उभी राहिले. अगदी चवीचवीने चहा प्यायले. कप रिकामा झाला तरी फोन गालालाच, जेमतेम कोमट! मग जो गलका झाला, तो ऐकून वरच्या मजल्यावरचे हिशेबवाले खाली धावत आले.

हे जमलं कसं, ते ऐक. तुझ्या जागी आलेला गृहस्थ इतका गुणी आहे, की कशालाही मान डोलावतो. तू गेल्यावरच्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी कोअरमधल्या माझ्या अंदाज बांधणाऱ्या भागासाठी दुप्पट जागा मागितली, त्याने हसत हसत देऊन टाकली. मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं. तू असतास तर आपण जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडलो असतो.

माझा भाग करतो काय, हे मी तुझ्या आईला समजावलं होतं, आठवतं? पुढे काय करायचंय ते नक्की कळेपर्यंत कोअर हातावर हात धरून बसत नाही. आजवरचं पाहून अंदाज बांधतो आणि कामाला लागतो. अंदाज खरा ठरला तर वेळ वाचला, चुकला तर केलेलं सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. काकू म्हणाल्या, यात नवल काय, मीसुद्धा हा दारात यायच्या आधीच चहा टाकते, आणि हा उशिरा आला की ओतून देते, गॅस मात्र फुकट जातो. तू तेव्हा टुणकन उडी मारली होतीस. फुकट जाणारा गॅस हेच तर तुझं आयुष्यभराचं रडगाणं!

तर त्या गुणी माणसाशी भांडता येईना, म्हणून मी तुझी बाजू घेऊन स्वतःशीच भांडले आणि हरले. तू घसा कोरडा करून सांगायचास, तेच केलं. आता कोअर आपल्या अंदाजाची खात्री आधी तपासतो. खात्री असेल तर बेधडक धावतो, नसेल तर क्षणभर गप्प बसतो. वेग जरासा गेला, ताप मात्र चांगलाच उतरला. खूश हो, पण डोक्यावर चढू नकोस.

आता उत्तर. निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये तू लग्नाचं विचारलंस आणि मी म्हटलं, आधी चिप येऊ दे. तू नुसतं बरं म्हणालास आणि माझंही ताट उचलून ठेवून आलास. त्यानंतर तू पुन्हा कधी विचारलं नाहीस, फोनवर हवापाण्याचं बोलतोस. माझं उत्तर हो आहे. तेव्हाही होतं. पण तुझा प्रश्न अजून शिल्लक आहे का, हे मला ठाऊक नाही, आणि फोनवर विचारायची छाती होत नाही. आई म्हणते, इतके दिवस कोण थांबतं? ते ऐकलं आणि मी आपल्या गुणावर गेले. तुझ्या गावच्या ऑफिसात बदली मागितली, ती मिळाली. घरमालकिणीला खोली सोडते म्हणून सांगितलं. दादाने पुस्तकांची खोकी बांधून दिली, वर जन्मभराचे टोमणे जमा करून ठेवले. खात्री आहे म्हणून धावतेय. म्हणजे, बरीचशी आहे. अंदाज चुकला असेल तर लगेच कळव, भांडी अजून बांधलेली नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
घाईबाई