न कापलेल्या नऊ गोष्टी

१४ मार्च

प्रिय दादा,

वहिनी, ठकी आणि मी ठीक आहोत. तूही जहाजावर वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. तुझ्या मित्राने मेमरी कार्ड आणून दिलं. तू लेकीसाठी, ठकीसाठी, वाचून रेकॉर्ड केलेल्या नऊही गोष्टी सुखरूप पोचल्या.

एकेक फाइल दीडशे एमबीची होती. ठकीकडे माझा जुना फोन आहे, त्यात दोनही मावल्या नसत्या. एकटा माणूस बोलतोय, म्हणून दोन चॅनेलचं एक केलं आणि सगळ्या एमपीथ्री केल्या. आता एकेक गोष्ट सात-आठ एमबीत बसते. आवाज तुझाच राहिलाय. मूळ फायली मी जपून ठेवल्यात.

तू चिठ्ठीत लिहिलं होतंस, 'जिथे अडकलोय तिथे काप.' मी कापलं नाही. जागेसाठी तरी त्याची गरज नव्हती. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवायची ते, बदलता ठेवला की तू थांबतोस तिथे फाइल फारशी वाढत नाही. मागची इंजिनाची घरघरही थोडक्या जागेत मावते.

हे झालं तांत्रिक कारण.

दुसरं असं, की तू गेल्यानंतर ठकीही बोलताना अडकायला लागली. शाळेत तर तिने तोंडच मिटलं होतं. उपचार सुरू केलेत. वहिनी म्हणाली होती, "त्याला कळवू नकोस गं, तिकडे स्वतःलाच बोल लावत बसेल." तुझ्या गोष्टी लावायलाही ती तयार नव्हती. "पोरगी आधीच अडकतेय, त्यात हे ऐकवायचं?"

मी म्हटलं, "एक लावू. रडली तर बंद."

बेडकाची लावली. 'बादली'वर तू अडकतोस, थांबतोस, श्वास घेतोस आणि पुन्हा 'बादली'च म्हणतोस. मी असते तर 'घागर' म्हणून मोकळी झाले असते. ठकीकडचं तेच गोष्टींचं पुस्तक समोर ठेवून मी नऊही गोष्टी तपासल्या. तू एकही शब्द बदललेला नाहीस. कसं जमवलंस?

ठकी फोनजवळ सरकली; तुझं अडकणं तिने पहिल्यांदाच असं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, "आत्या, बा-बाबा पण?"

"पण काय?"

"माझ्यासारखे?"

"तू त्याच्यासारखी. तो आधी आलाय."

तिला हसू फुटलं. "ती बा-बादली परत लाव ना!"

सहा वेळा लावली. सातव्यांदा ती तुझ्याबरोबर मोठ्याने म्हणायला लागली. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आता कळव त्याला."

म्हणून हे पत्र. सोबत एक फाइल आहे. बेडकाचं पहिलं पान ठकीने एकटीने वाचलंय. तीही कापलेली नाही. मधे ती बराच वेळ थांबते. तेव्हा संपलं समजून बंद करू नकोस.

समोर असतास तर हे बोलले नसते: इतक्या धीराने वाचणारं दुसरं कोणी मी ऐकलेलं नाही.

तुझ्या अडखळण्यासकट तुझ्यावर माया करणारी,
धाकटी