भिंतीच्या अलीकडे राहिलेल्या आपा

सर, मी परत पळायला लागले आहे. भरतीसाठी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गडचिरोलीत सकाळी कोणी पळताना दिसलं की दूधवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे एकच विचारतात, "भरती निघाली का गे?" नाही म्हटलं की तोंडाकडे बघत राहतात. पोलिसात जायचं नाही, वनरक्षक व्हायचं नाही, मग घाम कशाला गाळायचा? मजेसाठी, असं मी सांगते, आणि सांगताना मलाच लाज वाटते. ती लाज तुमची आहे, सर. तुम्हीच लावून दिलेली.

येत्या रविवारी इथल्या काही पोरांनी अडथळ्यांची शर्यत ठेवली आहे. ट्रॅक्टरच्या टायरांमधून वाकून जायचं, जाळीखालून चिखलात सरपटायचं, दोराला लोंबकळायचं आणि शेवटी डोक्यापेक्षा उंच भिंत ओलांडायची. पहिला-दुसरा नंबर नाही. जोडीनं पळायचं आणि जोडीनंच पोहोचायचं, एकटं पोहोचलेलं धरत नाहीत. माझी जोडी म्हणजे माझ्या घरमालकीण, शिलाईवाल्या आपा. चाळिशीच्या आहेत, आयुष्य मशीनवर बसून गेलं. शर्यतीचा फलक बघून त्याच म्हणाल्या, "चल ना गे, एक बार तरी चिखलात लोळू. लग्न झाल्यापासून कोणी मले मळू नाई दिलं." शाळेच्या गणवेशाचं उरलेलं निळं कापड होतं, त्याचे त्यांनी दोघींना पायजमे शिवले. ते घातले की आम्ही आठवीतून पळून आलेल्या दिसतो. सराव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालतो. पहिल्या दिवशी आपा एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळाल्या आणि खाली बसून हसत सुटल्या. मी काही फार वेगळी नव्हते. तुमच्याकडे सरळ पळायला शिकले होते, वाकायला नाही, त्यामुळे पंक्चरवाल्याकडून आणलेल्या टायरात माझीच कंबर अडकली. शिवाय तलावात कोणी जाळं ओढताना दिसलं की मी थांबते. मरळ निघाली का, हे बघितल्याशिवाय माझा पाय हलत नाही. तुम्ही म्हणायचातच, हिचं लक्ष नाही.

आता मुद्द्यावर येते. शाळेचं ग्राउंड. तुमच्या भरतीच्या सरावाची शेवटची फेरी चालू आहे, तुम्ही गळ्यात शिट्टी घालून उभे आहात. माझ्या मागे माझी मैत्रीण पळते आहे, तीच, जिच्या डब्यातलं मी रोज खाते. वळणावर तिचा पाय मुरगळतो आणि ती पडते. मी मागे वळते, तिच्या काखेत हात घालून तिला उठवते. एवढंच. तुम्ही शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा करता. "नर्सबाई आल्या का इथी? लोकाईले उचलाचं असन त दवाखान्यात जाय. इथी जो पडला त्याची जागा तुमची, समजलं का? उद्यापासून तू येऊ नको." पोरं हसली. मैत्रीणसुद्धा हसली, सर, लंगडत लंगडत. माझ्या पायात तेव्हा तुम्हीच दिलेले बूट होते, तुमच्या मुलाचे, मोठे होतात म्हणून टोकाशी तुम्ही स्वतःच्या हातानं कापूस कोंबलेले. बूट देणारा माणूस असं कसं बोलतो, हे मला आजही कळत नाही. तुम्ही नुसते वाईट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

मैत्रीण पुढं पोलिसात लागली. भेटते तेव्हा म्हणते, "सर होते म्हणून लागली मी." असेल. तुमच्यामुळे कितीतरी घरांत पगार आला, हे मी नाकारत नाही. मी मात्र कॉलेज अर्ध्यात सोडलं, वडशाला नाटकमंडळीचा कपडेपट सांभाळला, नागपुरात दुकानात दिवसदिवस उभी राहिले, कुठंच टिकले नाही. तुम्ही वारलात तेव्हा मी नागपुरातच होते. मला कळलं फार उशिरा. भांडायचं राहूनच गेलं.

चार दिवसांमागची गोष्ट सांगते. भिंतीच्या सरावाला आम्ही बंद राइस मिलच्या आवाराची मागची भिंत धरली आहे, पलीकडे लगेच तलावाची पाळ. मी धावत आले, उडी मारून वरची कड पकडली, पलीकडे उतरले आणि सुटले. किती छान वाटलं म्हणून सांगू! पार पाळीच्या टोकापर्यंत गेले. मागून आपांचा आवाज येत होता, मला वाटलं शाबासकी देताहेत. परत आले तर आपा भिंतीच्या अलीकडे मातीत बसलेल्या, कोपर सोललेलं.

"वा मॅडम! लागली का भरती? मी इथी लटकून राह्यली अन् हे निघाली दिल्लीले!"

"मले ऐकू नाई आलं, आपा."

"झूट नको बोलू. ऐकू आलं तुले. तू वळलीच नाई." मग पायजमा झटकत उठल्या. "रविवारी तू एकटीच जाय. मले कपडे शिवाचे हायेत."

सर, मला! वळून बघितलं म्हणून जिला हाकललं, तिला आता वळून न बघितल्याचं ऐकावं लागतं! तुम्ही शिकवलेलं बाकी सगळं मी विसरले. श्वास कसा घ्यायचा, हात कसे ठेवायचे, काही आठवत नाही. नेमकं हेच तेवढं हाडात कसं राहिलं? आणि तेही तुम्ही ग्राउंडवरून काढून टाकलेल्या पोरीच्या? भरतीत जागा मोजक्या असतात, मान्य आहे. पण आम्ही शाळेतली पोरं होतो आणि ग्राउंड केवढं मोठं होतं. तिथं सगळ्यांना पुरून उरेल इतकी जागा होती, सर. तुम्हाला ती दिसत कशी नव्हती?

त्यानंतर आपा माझ्याशी बोलेनात. चहा दारात ठेवून जायच्या, कप आपटून. मी माफी मागायला गेले की मशीन जोरात चालवायच्या. आज सकाळी मात्र निळा पायजमा घालून माझ्या दारात उभ्या. "तुझ्यासाठी नाई आली. कापड वाया जाईन म्हणून आली."

मिलच्या भिंतीपाशी मी आधी चढले आणि यावेळी वरच थांबले. घोड्यावर बसतात तशी बसले, खाली हात दिला. आपा चांगल्या जड आहेत. त्यांनी हात धरला तेव्हा मीच खाली जाते की काय असं वाटलं. "ओढ ना गे, सोडू नको!" त्या ओरडत होत्या, मी ओरडत होते, आणि कशा कोण जाणे, त्या वर आल्या. मग दोघी भिंतीवर पाय सोडून धापा टाकत बसलो. रविवारी येते म्हणाल्या. आपांना पलीकडे उतरवायचं कसं, ते अजून दोघींनाही माहीत नव्हतं.

हे कागद कुठं टाकायचे नाहीत, तुमचा पत्ता तरी कुठला लिहू. राग काही उतरलेला नाही. पण एक गोष्ट झाली, ती आपांनाही सांगितलेली नाही. खाली हात देण्याआधी मी मिलच्या फाटकाकडे बघून घेतलं, तुम्ही उभे तर नाही ना. तिथं कोणी नव्हतं. मग हात दिला.