कावळ्याला कोणी शब्द देऊ नये

मी, दिवाकर त्र्यंबक नवाथे, वय एकसष्ट, राहणार जुनी इंदूर, तर्कशास्त्राचा निवृत्त अध्यापक, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवतो. शुद्ध जरा जास्तच आहे. तोच माझा आजार.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नी सौ. सुलोचना हिची. गेली तीन वर्षे ती माझ्याशी थेट बोललेली नाही. "त्यांना सांगा, पान वाढलंय," असे भिंतीला सांगते. भिंतीही तिच्याच.

२. स्टोइक तत्त्वज्ञानावरची माझी सव्वीस वर्षांची टिपणे सहकारी लक्ष्मण पागे यांना. आमची एकुलती मुलगी यशोधरा विषमज्वराने गेली, तेव्हा चौथ्या दिवशी मी वर्गावर गेलो. पागे स्टाफरूममध्ये म्हणाले, "नवाथे म्हणजे खरा स्टोइक!" मला अभिमान वाटला. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही. माझी छत्रीही त्यांच्याकडेच आहे, ती राहू द्यावी.

३. टिपणांतले एक पान मी फाडले आहे. जे प्रिय आहे ते जाणारच, याची रोज सकाळी मनाशी उजळणी करावी, म्हणजे घाव बसत नाही, असा तो पाठ. यशोधरा एकोणीस वर्षे जगली. ती समोर बसून पोहे खात असे, आणि मी मनात तिला पोचवून आलेला असे. पाठ इतका पक्का झाला की ती खरोखर गेली तेव्हा मला रडूच आले नाही.

४. तिची सायकल मेहुणे बाबूराव यांच्या मुलीला. त्यांनी मला पत्थरदिल म्हटले ते खरे होते. पण तेराव्याच्या पंगतीत म्हणायला नको होते.

५. माझे दिवस. तापात यशोधरेने विचारले होते, "अप्पा, मी गेले तर रडाल ना?" मी म्हणालो, "जे आपल्या हातात नाही त्यासाठी रडू नये, बाळ."

तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोर निंबावर बसून राहिला. शेजारचे प्रतापराव म्हणाले, "सर, बिटियाची कुछ इच्छा राहिली असेल. शब्द देऊन टाका ना!" रीत मोडून नदीवर आलेली सुलोचना तेव्हा माझ्याशी शेवटचे बोलली, "रडेन म्हणा. एवढंच हवंय तिला."

मी म्हणालो, "कावळा आपल्या हातात नाही." गुरुजींकडून दर्भाचा कावळा करून घेतला, पिंडाला लावला आणि घरी आलो.

आता रडू येते. दाढी करताना येते, भाजी घेताना येते. त्याचा आता कोणालाच उपयोग नाही.

माझ्याही पिंडाला कावळा शिवणार नाही. त्याला कोणी शब्द देऊ नये. मला यशोधरा परत हवी आहे, आणि ते कोणाच्याच हातात नाही. ताबडतोब दर्भाचा कावळा करावा व उन्हाच्या आत घरी जावे.

वरील मजकूर प्रतापरावांनी स्वयंपाकघराच्या दाराशी मोठ्याने वाचून दाखवला. आतून उत्तर आले, "त्यांना सांगा, दर्भ मिळणार नाही. माझी पोर ताटकळली, तसं ताटकळा म्हणावं."

रास्त आहे. कलम पाचमधला दर्भाचा कावळा रद्द.

(सही) दिवाकर त्र्यंबक नवाथे
साक्षीदार : प्रतापराव शितोळे, तुकोजी वाघ
जुनी इंदूर, ११ मार्च १९६३