अण्णांची होडी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी हव्यात.
अण्णा, म्हणजे माझे सासरे, जानेवारीत अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. समजतं सगळं, तोंडातून फुटत नाही. स्पीच थेरपिस्ट मृणालिनी मॅडम म्हणाल्या, रोज चित्रांची कार्डं दाखवा, शब्द म्हणवून घ्या. या काळात कार्डं? मी प्रोग्रॅम लिहिणार. स्क्रीनवर होडी चालेल, अण्णा 'होडी' म्हणतील, कॉम्प्युटर ऐकेल, होडी किनाऱ्याला लागेल. ऑफिसात एक्सेलचे मॅक्रो, छोटे प्रोग्रॅमच ते, मीच लिहितो. दोन संध्याकाळींचं काम.

५ मार्च
होडी तयार. सुरेख हलते. बायको ऋता म्हणाली, होडीला शीड लाव, अण्णा देवगडच्या किनाऱ्यावरचे आहेत. लावलं.

८ मार्च, शनिवार
किरकोळ अडचण. कॉम्प्युटर ऐकायला लागला की होडी जागच्या जागी थांबते आणि स्क्रीन पांढरा पडतो. अण्णा बराच वेळ पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसले, मग भिंतीकडे तोंड करून झोपले. दोष लॅपटॉपचा आहे.

१० मार्च
ऑफिसातल्या शंतनूला सहज विचारलं. त्याचं कामच हे. म्हणाला, "हितेंद्र, तुझ्या प्रोग्रॅममध्ये एकच थ्रेड आहे, म्हणजे एकच माणूस समज. तोच होडी ढकलतो, तोच ऐकायला बसतो. ऐकायला दुसरा थ्रेड ठेव. फक्त त्या दुसऱ्याने होडीला हात लावायचा नाही. ऐकायचं आणि पहिल्याला निरोप द्यायचा, बस."
माहीत होतं, म्हटलं.
निरोप कशाला पण? दोन माणसं आहेत तर दोघांनी ढकलावी. लवकर पोचेल.

१२ मार्च
होडी उड्या मारते. कधी दोन होड्या दिसतात. कधी अख्खा प्रोग्रॅमच बंद पडतो. सकाळी एकदा अगदी नीट चालला, पण तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

१४ मार्च, धुळवड
खाली चाळीत रंग चाललाय. मी आत. लाटांना वेगळा थ्रेड दिला, सूर्याला वेगळा, पक्ष्यांनाही. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडतोय. ऋता म्हणाली, सुट्टी आहे तर अण्णांजवळ बस जरा. म्हटलं, त्यांचंच काम करतोय ना. ती उठून अण्णांकडे गेली. तिला टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

१६ मार्च, रविवार
मॅडमना डेमो. अण्णांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत होडी किनाऱ्यावर चढली, माडात घुसली, उलटी मागे आली आणि स्क्रीन पांढरा. एक मिनिट, म्हटलं, रीस्टार्ट करतो. परत तेच. पुन्हा सुरू करतोय तोच मागून घोगरा आवाज आला, "बंद कर."
ऋता धावत अण्णांजवळ आली. मॅडम हळूच म्हणाल्या, "अण्णा, परत म्हणा बघू."
"बंद... कर ते."
ऋता रडायला लागली. मॅडमनीही चष्मा काढून पुसला.
प्रोग्रॅमचा पहिला निकाल. अपेक्षेपेक्षा बराच लवकर.

१७ मार्च
मॅडमचा मेसेज आला. ऋताला, मला नाही. कृपया लॅपटॉप नको, अण्णांशी कोणीतरी नुसतं बोलत बसा, कृपया. नवीन गोष्टीला विरोध होतोच.

२० मार्च, गुरुवार
शंतनूची पद्धत वापरून पाहिली, निव्वळ तुलनेसाठी. ऐकणारा नुसता निरोप देतो. होडी थांबत नाही, उडत नाही. हेडफोन लावून मीच 'होडी, होडी' म्हणत बसलो. प्रत्येक वेळी किनाऱ्याला लागली. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.
अण्णांना दाखवायला उठलो. ते गॅलरीत खुर्चीवर, ऋता पायाशी, शेजारच्या आनंदीबाई दारात, तिघांचेही डोळे ओले. अण्णांनी ऋताला नावाने हाक मारली होती. स्वच्छ. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.
ऋता म्हणाली, "तुला किती हाका मारल्या रे. तू ओ दिली नाहीस."
मी अण्णांसमोर जाऊन बसलो. म्हटलं, अण्णा, माझं नाव घ्या ना एकदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटाने रिकामा कप दाखवला.
हितेंद्र हे नाव तसं जड आहे. शेवटी जोडाक्षर.
चहा टाकला.