दारांबद्दल, काडीचाही संशय न घेता

आदरणीय साडूभाऊ यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे तूर्त कागदावरच). इकडे सगळं ठीक. तुमची मेहुणी ठणठणीत आहे आणि तिच्या मानाने मीही बरा आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला थांबला का? आणि सासरेबुवांची ती जुनी गाडी कशी आहे? (हे आपलं सहज विचारलं. त्यात वाकडं काही नाही.) तीन वर्षांपूर्वी ती तुमच्याकडे आली. तुम्ही ती चुलतभावाच्या शेडमध्ये कापडाखाली झाकून ठेवली आहे आणि मी विचारीन तेव्हा ती "मजेत" असते. गाडीचा विषय निघाला की सासरेबुवा खिडकीबाहेर बघू लागतात, इतका त्यांचा तिच्यात जीव. तुमच्यावर माझा काडीचाही संशय नाही, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

तर झालं असं. माझी निळी गाडी तुम्ही पाहिलीच आहे, सासरेबुवांच्या गाडीची धाकटी बहीणच. तिच्या पुढच्या दोन्ही दारांचा पत्रा खालून इतका सडला होता की बसल्या बसल्या रस्ता दिसायचा. डावं दार तर मी दोरीने बांधलं होतं आणि वळण आलं की तुमची मेहुणी ती दोरी धरून माझ्याकडे अशी बघायची की मला वळणं नको व्हायची. या गाडीची नवी दारं आता कुठेच मिळत नाहीत. मिस्त्री म्हणाला, भंगारातून जुनी आणा, मी बसवतो. आता भंगारवाल्याकडून वस्तू घ्यायची म्हणजे डोळे उघडे ठेवायला हवेत. मी तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन त्याला एकच प्रश्न विचारला, ही दारं आली कुठून? तिन्ही दिवशी त्याने शब्दन्‌शब्द तेच उत्तर दिलं, "गाडीची आहेत." इथेच माझा संशय बळावला. खरं बोलणारा माणूस थोडा तरी चुकतो. चौथ्यांदा गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, दार नेताय, सून नाही." मी वरवर हसलो आणि मनात नोंद केली.

दारं पांढरी होती, जराशी पिवळट. मिस्त्रीने काच नीट सरकते का पाहायला डाव्या दाराचं आतलं पुठ्ठ्याचं अस्तर काढलं आणि मी जागच्या जागी थिजलो. आत पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "काच बदलली. दार हळू लावणे." अक्षर सासरेबुवांचं! त्यांची ती वेलांटी, जी आपलं अक्षर सोडून शेजारच्या अक्षरावर छत्री धरते, ती जगात दुसऱ्या कोणाची असणार? (त्यांच्या घरात तर प्रत्येक बटणाखाली, बरणीवर, बादलीवर सूचना लिहिलेली असते. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा न्हाणीघराच्या दारावर "कडी नीट लागत नाही, गाणे म्हणावे" असं वाचून मी अर्धा तास गात होतो.) म्हणजे ही दारं त्यांच्या गाडीची. जी गाडी तुमच्या चुलतभावाच्या शेडमध्ये मजेत आहे, तिची.

साडूभाऊ, मी हसण्यावारी नेत नाही. सासूबाईंना शेवटचं दवाखान्यात नेलं ते त्याच गाडीतून, आणि त्या त्याच डाव्या दाराशी टेकून बसल्या होत्या. सासरेबुवा रविवारी आमच्याकडे आठ दिवस राहायला येत आहेत. डॉक्टरांनी त्यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका म्हणून बजावलं आहे. त्यांनी ते दार माझ्याकडे पाहिलं तर? सासरच्या घरात मला पहिल्या दिवसापासून आपलं मानणारा तो एकच माणूस. त्यांचं काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही.

म्हणून ती दारं बसवायची नाहीत, पुरावा म्हणून जपून ठेवायची, असं मी ठरवलं. पण समोरचा शिंपी सुई हातात धरून आमच्याकडेच टक लावून बघत होता (सुईत दोरा नव्हता, हे मी पाहिलं). गॅरेजची मोठी फाटकासारखी दारं सताड उघडी. मी मिस्त्रीला दबक्या आवाजात म्हणालो, "आधी दारं लाव, मग पुढचं बोलू," आणि विचार करायला घरी आलो. सकाळी जाऊन बघतो तर निळ्या गाडीला दोन पांढरी दारं, बिजागऱ्यांसकट पक्की, तेलपाणी करून! आणि माझी जुनी दारं भंगारवाला उचलून घेऊन गेलेला. मी डोक्याला हात लावला. मिस्त्री म्हणतो, "तुम्हीच म्हणालात ना, दारं लाव?" माणसांवर विश्वास राहिला नव्हताच, आता मराठी भाषेवरही राहिला नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की तुमच्या चुलतभावाला न कळवता शेडमध्ये जा आणि कापड उचलून बघा. खाली गाडी आहे की खाट, ते मला कळवा. त्याने तुमचा विश्वासघात केला आहे असं मला खात्रीने वाटतं. माणूस बोलायला फार गोड आहे, तिथेच पाणी मुरतंय. ताईंना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : हे पत्र टाकायचं राहिलं (कोपऱ्यावरच्या पेटीची कडी मला सैल वाटते), तेवढ्यात सासरेबुवा दोन दिवस आधीच येऊन थडकले. मी गाडीवर चादर टाकून तिच्यापुढे हात पसरून उभा राहिलो. त्यांनी मला बाजूला केलं, चादर काढली, डाव्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, "शेवटी तुमच्याकडे आली होय? बरं झालं." गाडीचा तळ सडला होता, मोडीत काढायच्या कागदावर त्यांनीच सही केली होती. ताईंना माहीत होतं. तुमच्या मेहुणीलाही माहीत होतं. मी विचारलं, मग मलाच का नाही सांगितलं? ते म्हणाले, "अहो, त्या दिवशी तुमचा साडू ओक्साबोक्शी रडत होता. तुम्ही त्याला वर्षभर प्रश्न विचारले असते." साडूभाऊ, मला फार वाईट वाटलं. तुमचं नाही, माझं.

ता. क. २ : आता मुख्य मुद्दा. पत्र लिहायला बसण्याआधीच मी पोलीस चौकीत तुमच्या चुलतभावाविरुद्ध चोरीचा अर्ज देऊन आलो होतो. आज तो मागे घ्यायला गेलो, तर घाईने तक्रार मागे घेणारा माणूस फौजदारांना आवडत नाही म्हणे. त्यांनी खिडकीतून माझी गाडी पाहिली, अर्जात चोरीची म्हणून लिहिलेली पांढरी दारं तिलाच. भंगारवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "हे गृहस्थ चारदा येऊन चौकशी करून गेले, मला तेव्हाच संशय आला होता." गाडी चौकीच्या आवारात आहे आणि मी आतल्या बाकावर बसून हे लिहितो आहे. मोडीचे कागद घेऊन ताबडतोब निघा. चुलतभावालाही आणा, मी त्याचे पाय धरीन. सासरेबुवा शेजारीच बसले आहेत. म्हणतात, "तुमचा साडू येईल, एक शब्द न विचारता येईल." मलाही तसंच वाटतं.

याल ना?