ऑक्टोबर होऊन जाऊ दे

फिलाडेल्फिया,
९ सप्टेंबर १८०७

चि. टॅबिथा हिस अनेक आशीर्वाद.

काल एनॉक आला होता. पीठ विकायला नदी ओलांडून आला आणि माझ्या स्वयंपाकघरात तासभर तोंड पाडून बसला. गेल्या वर्षी तू त्याला म्हणालीस, ऑक्टोबर होऊन जाऊ दे. तो झाला, मग थंडी, मग बागेची छाटणी, मग त्याच्या आईचं आजारपण. आता लग्नाचा विषय काढला की तू पुन्हा ऑक्टोबरच दाखवतेस म्हणे. अगं, केलब वारला आणि तू एकटी पडलीस त्याला चार वर्षं झाली. एनॉकची स्वतःची गिरणी आहे, दारूला शिवत नाही, आणि तुझ्या हातची सफरचंदाची भाजलेली पोळी खाऊन नऊ गावांत तुझं कौतुक करत फिरतो. त्याच्यात काही खोट असेल तर मला सांग. नसेल तर माझा जीव असा टांगून ठेवू नकोस. आमचे हे म्हणतात, तुझ्या बहिणीला बाग सोडवत नाही. मी त्यांना गप्प केलं खरं, पण तीच शंका माझ्याही मनात आहे.

रागाव हवं तर, पण लगेच लिही.

तुझी
डॉर्कसताई

---

मिलब्रूक, न्यू जर्सी,
१६ ऑक्टोबर १८०७

ती. सौ. डॉर्कसताईस सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला, घाल शिव्या. सफरचंदं उतरवायची होती, आणि खरं म्हणजे तुला कसं सांगावं तेच सुचत नव्हतं.

एनॉकमध्ये खोट नाही. फाटकाशी त्याची घोडागाडी थांबली की अजून मी हातातलं टाकून आरशाकडे धावते. या वयात! हस हवं तर. अडचण मताची आहे. नदीपलीकडे तुमच्या राज्यात बायकांना मतच नाही, म्हणून तुझ्या डोक्यात ते येत नाही. आमच्या राज्यघटनेत, इंग्रजांशी लढाई दाराशी आली असताना शहात्तर साली घाईघाईने लिहिलेल्या त्या थोड्याशा पानांत, पन्नास पौंडांची मालमत्ता असलेला प्रत्येक रहिवासी मत देईल असं आहे. बाई-पुरुष, गोरा-काळा असं काही नाही. पण लग्न झालेल्या बाईचं सगळंच नवऱ्याचं, मग तिचे पन्नास पौंड यायचे कुठून? केलब होता तोवर मी, मतदान होतं त्या खाणावळीबाहेर घोडा धरून उभी असायची आणि तो आत मत देऊन यायचा. तो गेल्यावर पहिल्यांदा मी स्वतः आत गेले. आपली पिंपं करून देणारा सायरस, तो काळा माणूस, रांगेत माझ्या पुढे होता. मग माझं नाव पुकारलं. नुसतं माझं, अमक्याची बायको म्हणून नव्हे. बाहेर आले ती घोडा तिथेच विसरून चालत निघाले. तेव्हापासून दर वर्षी झाडाला सफरचंद लाल झालं की माझं कशात लक्ष लागत नाही.

यंदा विधानसभेला एनॉकच उभा होता. मंगळवारी मी त्याला मत दिलं. आला निवडून! नंतर त्याला सगळं मोकळेपणाने सांगितलं. तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. एवढंच म्हणाला की दर ऑक्टोबर असाच आपल्या मध्ये येणार तर, आणि मग म्हणाला, मी काहीतरी मार्ग काढतो.

मार्ग तो काय काढणार? काढायचा तर मलाच. दिवसभर घर ते रसाचा घाणा, घाणा ते घर अशा येरझारा घालतेय. मनाशी ठरवत आणलंय की तो ट्रेंटनच्या विधानसभेतून परत आला की हो म्हणायचं आणि मत सोडायचं. सोडायचंच तर त्याच्यासाठी. त्याला यातलं काही ठाऊक नाही. तूही बोलू नकोस.

भावोजींना सांग, बागही त्याच्याच नावावर जाणार आहे, आता तरी गप्प बसा.

तुझी वेंधळी
टॅबी

---

फिलाडेल्फिया,
२१ नोव्हेंबर १८०७

चि. टॅबिथा,

आशीर्वाद आहेतच. घाईत लिहितेय, हे पत्र एनॉकच्या आधी तुझ्या हाती पडावं म्हणून.

तो ट्रेंटनहून इकडे येऊन गेला. तुमच्या विधानसभेने कायदा केला, यापुढे मत फक्त गोऱ्या पुरुषांना. तू वाचलंच असशील. तिकडच्या एका जिल्ह्याच्या कचेरीची इमारत कुठे बांधायची त्या निवडणुकीत पुरुषांनी बायकांचे झगे घालून दोनदोनदा मतं दिली, म्हणून ही शिक्षा म्हणे. म्हणजे लबाडी पुरुषांची आणि मत गेलं बायकांचं! ते असो. टॅबी, एनॉकने त्या कायद्याला हो म्हटलंय. हे तो माझ्यापासून लपवत नव्हता, आनंदाने सांगत होता. टॅबिथाचा ऑक्टोबर आता मध्ये येणार नाही, म्हणाला. तुझ्यासाठी राखाडी रेशमाचं कापड घेतलंय त्याने.

आधी मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो गेल्यावर भांडी घासताना मला रडू आलं, आणि का ते कळेना. लग्न केलंस काय, नाही केलंस काय, मत तर गेलंच. आता माणूसही घालवू नकोस, एवढीच विनवणी.

तुझी
ताई

---

मिलब्रूक,
२९ नोव्हेंबर १८०७

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी पोचलं, बरं झालं. नाहीतर मी त्याच्या गळ्यात पडले असते.

तो गुरुवारी आला. मी रस गरम करून दिला. त्याने कापड टेबलावर पसरलं. सुंदर आहे गं. मी विचारलं, सायरसचं मत का काढलंस, त्याच्याशी तर तुला लग्न करायचं नव्हतं? तो गोंधळला. म्हणाला, ते सगळं एकाच कायद्यात होतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त तू होतीस. तो खरंच बोलत होता, ताई. त्याचंच मला जास्त दुःख झालं.

मग मी म्हणाले, “एनॉक, मी ते सोडणार होते. तुझ्यासाठी, आपल्या हाताने. तू सगळ्यांचं काढून घेतलंस.”

त्याने टोपी उचलली. मग म्हणाला की तू आधी सांगितलं असतंस तर. मी म्हटलं, विचारलं असतंस तर. कापडाची घडी मीच घालून दिली. घोडागाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते. मला तो अजून आवडतो, आणि आता घरात एका जागी बसवत नाही.

पुढच्या ऑक्टोबरात दुसऱ्या मंगळवारी मी आणि सायरस खाणावळीच्या दाराशी जाऊन रांगेत उभे राहणार आहोत. घालवून देतील, ठाऊक आहे. पण माझं नाव घेऊन, तोंडावर सांगावं लागेल त्यांना. टेबलापलीकडे उमेदवार म्हणून एनॉकही बसलेला असेल.

तूही ये. तुला कधीच मत नव्हतं, तरी ये. माया पातळ करू नकोस, मला तिची फार गरज आहे.

तुझी
टॅबिथा