पहिली हाक

मंगळवार, डहाणू रोड

अजून अंगावर काटा आहे. लिहून काढते.

चिकूच्या चिप्स करणाऱ्या आमच्या बचत गटाची मी प्रमुख झाले आणि गटातली सगळ्यांत जुनी जनीताई येईनाशी झाली. ती गेली तर बाकीच्याही जाणार. म्हणून आज रानशेतला तिच्या घरी गेले. दिवस बुडाला होता. अंगणातून हाक मारली, "जनीताई!" आत बांगड्या वाजल्या, पण ओ नाही. इतका राग? मी वळले.

"मॅडम, दुसरी हाक मारायची ना!" जनीताई हसत बाहेर आली. "अंधारात पहिल्या हाकेला आम्ही ओ नाय देत. माणूस असला तर परत बोलावतो."

"आणि नसला तर?"

तिने मला ओट्यावर बसवलं. म्हणाली, "बैठकीतपण तुमचं तसंच. एकदा विचारता, बाई तोंड उघडेपर्यंत पुढे जाता."

खरं आहे. नेतृत्वाच्या शिबिरात प्रत्येकीला नावाने हाक मारायला शिकले. थांबायला का नाही शिकले?

ती रिक्षापर्यंत सोडायला आली. वाटेत बांबूंच्या मागून कोणीतरी हाक मारली, "कुंदे!" माझं माहेरचं नाव. इथे कोणालाच ठाऊक नाही. मी ओ देणार, तोच जनीताईने माझ्या तोंडावर हात ठेवला. आम्ही तशाच उभ्या राहिलो. दुसरी हाक आलीच नाही. कोण होतं?

"उद्या गटात येते मी," एवढंच बोलून तिने मला रिक्षात बसवलं आणि त्याच बांबूंच्या कडेने एकटी परत गेली. आधी तिला घरी सोडावं, हे मला सुचलंच नाही.